जळका ऊस किती वाईट? 'किती तासांनी' ते आधी सांगा

"जळका ऊस जास्त गोड असतोय म्हणून लिवलंयस व्हय गं?"

दाजींनी हे विचारलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो आणि भाची तिच्या प्रकल्पाचा मसुदा मला वाचून दाखवत होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीजवळ दूधगंगेच्या काठाला त्यांची साडेतीन एकर जमीन, आणि आजवर दोनदा त्यांच्या फडाला आग लागलेली. भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला. मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून मसुदा माझ्यापुढे आलेला.

दाजींना खटकलेली वाक्यं अशी होती: 'तोडणीनंतरचा वेळ लक्षात घेता जळक्या उसाच्या रसाची शुद्धता हिरव्या उसापेक्षा १.२ पॉइंटनी अधिक आढळली. मात्र हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नाही. सबब ऊस जळल्याने शुद्धतेवर परिणाम होत नाही.'

गणित बरोबर होतं. कॉम्प्युटरनं दिलेला एकही आकडा चुकीचा उतरवलेला नव्हता. तरी तिन्ही वाक्यं मिळून जे सांगत होती ते चूक होतं, आणि ते ज्याला रिग्रेशनचा (नोंदींना रेषा बसवण्याच्या रीतीचा) र माहीत नाही अशा माणसानं भाताचा घास हातात धरून ओळखलं.

फडापासून काट्यापर्यंत

बाहेरच्या वाचकासाठी थोडं. निपाणी एके काळी तंबाखूची म्हणून ओळखली जायची. तंबाखू अजून आहे, पण दूधगंगा-वेदगंगेचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस आला. हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला खोपी पडतात, आणि कारखान्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. हिरवा ऊस तोडायचा तर पाचट सोलावं लागतं. जळक्या फडात ते आयतंच गेलेलं असतं, कोयता भराभर चालतो. त्यामुळे कधी फड मुद्दाम पेटवला जातो. कधी विजेच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि बारा-चौदा महिने वाढवलेला ऊस तासाभरात काळा होतो.

जळका ऊस कारखाना घेतो, पण कपात लावून. दाजींना दोन्ही वेळा लागलेली कपात सरसकट होती: वजनातून अमुक टक्के वजा. आग कधी लागली, तोड कधी झाली, गाडी काट्यावर कधी आली, यातलं काही त्यांना कुणी विचारलं नाही. कारखान्याची बाजूही आहे. केंद्राचा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होता, आणि हा उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, एकेका शेतकऱ्याचा नाही. एकाच्या नासक्या उसाचा तोटा सगळ्यांच्या हिशोबात मिसळतो, म्हणून कपात.

भाचीला विचारायचं होतं ते एवढंच: ही कपात रास्त आहे का?

मोजायला तिनं रसाची शुद्धता निवडली आणि ती निवड शहाणपणाची होती. रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ म्हणजे ब्रिक्स, त्यातली साखर म्हणजे पोल. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरानं गुणलं की शुद्धता. नुसता ब्रिक्स घेतला असता तर फसगत झाली असती, कारण तोडलेला ऊस वाळतो, पाणी उडतं आणि ब्रिक्स उलट वाढलेला दिसू शकतो. शुद्धता मात्र घसरते. तोडल्यावर उसातलंच एन्झाइम साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करायला लागतं. त्यात आगीनं सालीवरचं मेण वितळलेलं आणि साल तडकलेली असली की जिवाणूंना दार उघडंच. त्यांतला ल्युकोनोस्टॉक साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो.

नोंदी साठ. छत्तीस हिरव्या उसाच्या, चोवीस जळक्या. प्रत्येक नमुन्यासाठी ट्रॉलीतले चार-पाच ऊस ओढून चरकातून काढलेला रस, आणि कारखान्याच्या चिठ्ठीवरच्या वेळेवरून तोडणीपासून किती तास झाले ते. तास ८ ते ५६, दोन्ही गटांत सरासरी ३०. इथे एक सांगून ठेवतो. मूळ नोंदी तिच्या वहीत आहेत. या लेखातले आकडे हिशोब तोंडी करता यावा म्हणून मी बेतून, गोल करून घेतलेले आहेत. त्यावरून कुणी कपातीचा दर ठरवू नये.

मॉडेल, आणि शून्य तासांचा ऊस

तिनं बांधलेलं मॉडेल:

शुद्धता = ८८.० − ०.०५ × तास + १.२ × जळका − ०.१० × (तास × जळका)

'जळका' हे चल हिरव्या उसाला ० आणि जळक्याला १. शेवटचं पद दोघांचा गुणाकार, म्हणजे इंटरॅक्शन. तक्ता असा. त्यात सहगुणक म्हणजे त्या पदाचा आकडा, आंतरछेद म्हणजे सुरुवातीचा ८८.०, आणि प्रमाण-त्रुटी म्हणजे तो आकडा नमुन्याच्या लहरीनं किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप:

| पद | सहगुणक | प्रमाण-त्रुटी |
|---|---|---|
| आंतरछेद | ८८.० | ०.५९ |
| तास | −०.०५ | ०.०१८ |
| जळका | १.२ | ०.९४ |
| तास × जळका | −०.१० | ०.०२८ |

भाचीनं तिसरी ओळ वाचली आणि थांबली. जळका: अधिक १.२, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.२ च्या आसपास, म्हणजे परिणाम नाही. वर्गात इंटरॅक्शन नसलेली मॉडेलं शिकवताना आम्हीच हे वाचन शिकवतो: 'बाकी सगळं सारखं ठेवून जळका आणि हिरवा यांतला फरक'. इंटरॅक्शनचं पद आत आलं की त्या वाक्याला अर्थ उरत नाही. तास सारखे ठेवायचे, ठीक. पण किती तासांवर? फरकच तासागणिक बदलतो असं मॉडेलचीच चौथी ओळ सांगते.

मी तिला पाठकोऱ्या कागदावर दोन रेषा वेगळ्या लिहायला लावल्या.

हिरवा: ८८.० − ०.०५ × तास
जळका: ८९.२ − ०.१५ × तास

मग वरची वजा खालची नव्हे, खालची वजा वरची: फरक = १.२ − ०.१० × तास. आता तास घाल. शून्य तासांना फरक +१.२. म्हणजे तिसऱ्या ओळीतला आकडा हा शून्य तासांचा फरक आहे, बाकी कशाचाच नाही. कोयत्याचा घाव पडला त्याच क्षणी कारखान्याच्या चरकात गेलेला ऊस. असा ऊस तिच्या साठ नमुन्यांत नाही, कुणाच्याच नमुन्यांत नसणार. सगळ्यात लवकरचा नमुना आठ तासांचा. १.२ हा आकडा रेषा डावीकडे ओढत नेऊन, नोंदी संपल्यावरही ओढत नेऊन, उभ्या अक्षाला टेकवल्यावर मिळालेला आहे. म्हणूनच त्याची प्रमाण-त्रुटी एवढी मोठी.

"मग चोवीस तासांनी किती?" दाजी.

१.२ वजा २.४. म्हणजे उणे १.२.

"आणि दोन दिसांनी?"

उणे ३.६.

"हां," म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

एका रात्रीत आकडे उलटले

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा, आणि तो आपल्या सीमाभागातच घडू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन. "मामा, फाइल बिघडली. कॉलेजात तासाचा आकडा उणे ०.०५ येत होता, घरी उणे ०.१५ येतोय. आणि इंटरॅक्शन अधिक झालंय!"

फाइल बिघडली नव्हती. कारखान्याच्या चिठ्ठ्या कानडीत. त्यावर ऊस 'हसी' किंवा 'सुट्ट' असं लिहिलेलं, म्हणजे ओला नाहीतर जळलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्या मैत्रिणीनं हेच शब्द रोमन अक्षरांत टाइप केले होते. घरी आल्यावर भाचीनं अहवाल मराठीत असावा म्हणून ते रकाने 'हिरवा' आणि 'जळका' असे बदलले. ती वापरते ते 'आर' सॉफ्टवेअर शब्द असलेला रकाना दिसला की त्यातले वर्ग अक्षरक्रमानं लावतं आणि पहिल्याला आधारवर्ग, म्हणजे ० मिळणारा वर्ग, धरतं. रोमन लिपीत हसीचा एच आधी येतो, सुट्टचा एस नंतर. देवनागरीत जळकाचा ज आधी, हिरवाचा ह शेवटी. भाषा बदलली आणि आधारवर्ग हिरव्याचा जळका झाला.

नवा तक्ता असा आला: आंतरछेद ८९.२, तास −०.१५, हिरवा −१.२, तास × हिरवा +०.१०. वरच्या दोन रेषा पुन्हा लिहून पाहा, त्याच येतील. एकाही नमुन्याचा अंदाज दशांशानंही हललेला नाही. बदललं एवढंच की 'तास' ही ओळ आता जळक्या उसाचा चढ, म्हणजे तासागणिक शुद्धता किती बदलते ते, सांगते आहे, कारण त्या ओळीतला आकडा नेहमी आधारवर्गाचा असतो. 'तासाचा परिणाम' म्हणून ती कधीच वाचायची नव्हती. पहिल्या तक्त्यातही ती नुसत्या हिरव्या उसाची होती.

भाचीला यातून एक फायदाही झाला. जळक्या उसाचा चढ −०.१५ हे तिला बेरीज करून कळलं होतं, पण त्याची प्रमाण-त्रुटी किती? पहिल्या तक्त्यावरून तिनं ०.०१८ आणि ०.०२८ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं होतं: ०.०३३. ते चूक. हे दोन सहगुणक एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हिरव्याचा चढ नमुन्याच्या लहरीनं थोडा जास्त आला की चढांमधला फरक तेवढाच कमी येतो, म्हणजे त्यांची सहप्रचरणता ऋण असते आणि ती दुपटीनं हिशोबात धरावी लागते. धरली की उत्तर येतं ०.०२२. नव्या तक्त्यात 'तास' या ओळीपुढे तेच ०.०२२ आयतं छापलेलं होतं. सूत्र आठवत नसेल तर आधारवर्ग बदलून पुन्हा चालवावं, यात कमीपणा नाही. मी स्वतः तेच करतो.

शून्य कुठे ठेवायचं

आधारवर्ग हे एक टोक. दुसरं टोक तासांचं शून्य, आणि तेही आपल्या हातात असतं.

तासांच्या रकान्यातून सरळ २४ वजा करायचे. आता शून्य म्हणजे तोडल्यापासून एक दिवस. मॉडेल पुन्हा चालवलं की तास −०.०५, इंटरॅक्शन −०.१०, जसेच्या तसे. 'जळका' मात्र −१.२ आणि त्याची प्रमाण-त्रुटी ०.४३. पहिल्यांदा +१.२ होतं, आता बरोबर −१.२. या चिन्हाच्या गमतीत काही गूढ नाही, मी आकडे गोल केल्याचा तो योगायोग. पण पी-मूल्य बघा: मघाशी 'अर्थपूर्ण नाही' होतं, आता ०.०१ च्या खाली. तीच नोंद, तीच रेषा, तोच ऊस.

विद्यार्थ्यांना हे जादूसारखं वाटतं, काहींना फसवाफसवीसारखं. दोन्ही नाही. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं. काही जण सवयीनं सरासरी वजा करतात, इथे ती ३०. चूक नाही त्यात. पण तीस तासांना आमच्या पट्ट्यात कुणी मोजत नाही. आमच्याकडे विचारतात, 'ऊस आजच्या आज गेला का, उद्या गेला, का परवा?' म्हणून मी २४ चं शून्य पसंत केलं आणि अहवालात एकाऐवजी चार ठिकाणचे फरक द्यायला सांगितले, सोबत विश्वास-अंतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा:

| तोडल्यापासून तास | जळका वजा हिरवा | ९५ टक्के विश्वास-अंतर |
|---|---|---|
| १२ | ०.० | −१.३ ते १.३ |
| २४ | −१.२ | −२.१ ते −०.३ |
| ३६ | −२.४ | −३.३ ते −१.५ |
| ४८ | −३.६ | −४.९ ते −२.३ |

अंतर कुठून पुढे शून्याला ओलांडत नाही हे शोधायची एक जुनी रीत आहे, जॉन्सन आणि नेमन यांनी १९३६ साली मांडलेली. या आकड्यांना ती लावली तर साधारण बाविसाव्या तासापासून पुढे फरक स्पष्ट दिसतो. त्याआधी फरक नाही असं मात्र लिहायचं नाही. बारा तासांच्या आतले नमुने पाच, त्यात जळक्याचा एक. तिथे सांगण्याइतकं काही हातात नाही, एवढंच.

सरसकट कपात हेही एक मॉडेलच

इंटरॅक्शनचं पद काढून टाकलं तर काय मिळतं? भाचीनं ते करून पाहिलं. तासाचा एकच चढ −०.०९, आणि जळका −१.८. दोन समांतर रेषा, कुठेही उभे राहा, फरक १.८ च.

हे वाचताना मला जाणवलं की कारखान्याची सरसकट कपात म्हणजे हेच मॉडेल आहे, फक्त ते कुणी मॉडेल म्हणून लिहिलेलं नाही. जळका असेल तर अमुक वजा, तास कितीही असोत. ज्यानं रातोरात टोळी लावून चौदा तासांत गाडी काट्यावर नेली, त्याचा खरा फरक मॉडेलप्रमाणे ०.२. त्याला १.८ ची शिक्षा. ज्याचा ऊस दोन दिवस पडून राहिला त्याचा ३.६, त्यालाही १.८. पहिल्याचं नुकसान, दुसऱ्याची चंगळ, आणि घाई करण्याचं कुणालाच कारण नाही. सरासरीला, म्हणजे तीस तासांना, हिशोब बरोबर जुळतो. त्यामुळे कारखान्याच्या एकूण ताळेबंदात काही खटकत नाही.

म्हणून −१.८ हा आकडा खोटा म्हणता येत नाही. तो या साठ गाड्यांच्या तासांच्या मिश्रणाची सरासरी आहे. पुढच्या वर्षी रांग लांबली तर तोच आकडा फुगेल, ऊस तसाच असताना.

तिच्या मार्गदर्शकांनी मात्र इंटरॅक्शनलाच हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं: हिरव्याचं रिग्रेशन वेगळं चालव, जळक्याचं वेगळं चालव, दोन्हीत तासाचा सहगुणक उणे आणि अर्थपूर्ण येतो, मग दोन्ही सारखेच घसरतात की! दोन्ही घसरतात हे खरं. सारखेच घसरतात हे त्यातून येत नाही. चढ वेगवेगळा आहे का हे विचारायचं तर चढांमधला फरक आणि त्या फरकाची प्रमाण-त्रुटी लागते: −०.१० आणि ०.०२८, म्हणजे साडेतीनपट. याची उलटी चूक अजून जास्त दिसते: एका गटात अर्थपूर्ण आलं, दुसऱ्यात आलं नाही, म्हणून गट वेगळे. लहान गटात नमुने कमी म्हणूनही ते होतं.

त्यांची दुसरी सूचना: 'जळका'चं पद अर्थपूर्ण नाही, तर ते काढून टाक, नुसतं इंटरॅक्शन ठेव. हे करू नये. ते पद काढलं की दोन्ही रेषांना शून्य तासांवर एकाच खुंटीला बांधल्यासारखं होतं. बांधल्यावर जळक्याची रेषा नोंदींत नीट बसत नाही, म्हणून इंटरॅक्शन −०.१० चं −०.०६७ होतं. आता हेच तासांतून ३० वजा करून केलं, तर खुंटी तिसाव्या तासावर, आणि मॉडेल म्हणणार की तीस तासांना जळका-हिरवा एकसारखे. घड्याळ कुठून लावलं यावर निष्कर्ष बदलणारं मॉडेल काय कामाचं? चारही पदं असताना शून्य कुठेही सरकवा, रेषा हलत नाहीत.

हार्वेस्टरनं तोडलेल्या उसाचेही पाच नमुने होते. त्याचे तुकडे लहान, कापलेली तोंडं जास्त, तो लवकर नासतो. तिसरा वर्ग घेतला तर इंटरॅक्शनची पदं दोन होतात, आणि ती एकेक न तपासता दोन्ही मिळून एफ-चाचणीनं तपासायची असतात. पाच नमुन्यांवर ते झेपणार नव्हतं. आम्ही ते बाजूला ठेवले आणि तसं अहवालात लिहिलं.

घड्याळ कधी सुरू झालं?

इथपर्यंत मी खुशीत होतो. मग दाजींनी विचारलं, "तास कुठनं धरलाईसा?"

तोडणीपासून, चिठ्ठीवर तीच वेळ असते.

"जळका ऊस काय तोडल्यावर नासाय लागतोय? आग लागली तवाच लागतोय की."

खरं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. हिरव्या उसाचं घड्याळ कोयत्यानं सुरू होतं, जळक्याचं आगीनं. रात्री फड पेटला, सकाळी टोळी आली, दुपारी तोड संपली, तर चिठ्ठीवरच्या शून्य तासाला जळका ऊस बारा तासांचा जुना असतो. दोन गटांतलं शून्य एकच नाही.

याचा परिणाम काय, हे आम्ही दोघांनी बसून काढलं. प्रत्येक जळक्या नमुन्यात बरोबर बारा तास मिळवले, तर सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये चढ बदलत नाही, इंटरॅक्शनही नाही. जळक्याची रेषा ९१.० − ०.१५ × तास होते आणि 'जळका'चा सहगुणक १.२ चा ३.० होतो. म्हणजे आग लागली त्या क्षणी जळका ऊस हिरव्यापेक्षा तीन पॉइंटनी शुद्ध! हे तर आणखी अशक्य. पण या अशक्यपणातच खूण आहे. शुद्धता सरळ रेषेत घसरत नसावी. आधी हळू, जिवाणू माजले की जोरात. वाकलेल्या वाटेच्या उतरणीवरच्या भागातून सरळ पट्टी ठेवून मागे नेली की ती सुरुवातीला वाटेच्या वर जाते. +१.२ मागे गोडवा नव्हता, पट्टीचा सरळपणा होता.

यातून एक गंभीर शंका निघते. वाट वाकडी असेल आणि दोन्ही उसांची वाट एकच असेल, तर जळका ऊस फक्त बारा तास पुढे असल्यामुळेही त्याचा चढ जास्त दिसेल. तेव्हा इंटरॅक्शन म्हणजे आगीचा परिणाम नसून घड्याळाची चूक. हे तपासायला भाचीनं चोवीसपैकी जेवढ्या शेतकऱ्यांना गाठता आलं तेवढ्यांना आगीची वेळ विचारली. आग लागलेली वेळ कुणी विसरत नाही, हे एक बरं. नव्या घड्याळावर, वाट वाकू शकावी म्हणून तासाचा वर्ग (तास × तास) घालून, मॉडेल पुन्हा चालवलं. इंटरॅक्शनचा आकडा लहान झाला, पण गेला नाही. त्यातला काही भाग घड्याळाचा होता, उरलेला आगीचा म्हणायला हरकत नाही. 'म्हणायला हरकत नाही' एवढंच, कारण कुठला फड जळला हे काही आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. तारेखालचे फड, वाळलेला खोडवा, उशीर झालेली तोड, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे.

एक गोष्ट उलट दिशेनं खेचते. पोलचं यंत्र रस प्रकाशाला किती वळवतो त्यावरून साखर मोजतं, आणि डेक्स्ट्रान तो प्रकाश साखरेसारखाच उजवीकडे वळवतो, आणि साखरेपेक्षा जास्त जोरानं. नासलेल्या जळक्या उसाचं पोल म्हणून असतं त्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणजे ४८ तासांचा −३.६ हा फरक खरं तर आणखी मोठा असू शकेल. ते मोजायचं साधन कॉलेजात नाही.

मसुद्यातली ती तीन वाक्यं भाचीनं खोडून त्या जागी चार ओळींचा तक्ता घातला. खाली टीप: फरक तासांप्रमाणे बदलतो, बारा तासांच्या आत पुरेशा नोंदी नाहीत, वेळ तोडणीपासून धरली आहे, आगीपासूनचा हिशोब पुढे. येत्या हंगामात ती चिठ्ठीवर आगीची आणि तोडणीची अशा दोन्ही वेळा टिपून घेणार आहे.

दाजींना तक्ता दाखवला. त्यांनी शेवटच्या रकान्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "मग कपात तासावर पायजे, व्हय ना?" मी म्हटलं, या आकड्यांवरून तरी तसंच दिसतंय.

"आणि माझा हिरवा ऊस कारखान्याच्या दारात दोन दिवस रांगेत उभा ऱ्हातोय, त्याची कपात कुणी कुणाला द्यायची?"

तोवर आम्ही सगळे जळक्याच्याच ओळीकडे बघत होतो. हिरव्याची ओळ −०.०५. अठ्ठेचाळीस तासांचे २.४. भाचीनं तो आकडा मसुद्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवला आहे.